उलट्या आट्यांचा बोल्ट

"पाव्हणं, त्यो पायप तेवढा काढा बगू," अण्णा म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'कट्' असा आवाज झाला.

आवाज काही मोठा नव्हता. वाळकी काटकी मोडावी, एवढाच. पण पान्हा, पान्ह्याच्या दांड्यावर चढवलेला लांबलचक पाइप आणि त्या पाइपला लोंबकळलेला आमचा नवरा, असे तिघंही एकदम आडवे झाले. जीपचं पुढचं डावं चाक काढलेलं होतं. तिथं उघड्या पडलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांखालून काहीतरी टणटणत घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी येऊन थांबलं. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते. खाली बघते तर बोल्टाचं डोकं. बाकीचा बोल्ट आतच राहिला होता.

"लागलं न्हाई न्हवं?" अण्णांनी आधी तेच विचारलं.

"छे, छे." अरविंद उठून उभा राहिला. नव्या कोऱ्या सफारी सुटाच्या मागच्या बाजूला काळ्या ऑइलचा हा एवढा डाग पडला होता. "बोल्टच कच्चा होता, मामा. मालच बेकार. आमच्या प्लांटला असला माल गेटातूनच परत पाठवतात."

तेव्हा मी त्याला नावानं हाक मारत नव्हते. 'अहो' म्हणत होते आणि दुसऱ्यांशी बोलताना 'हे' म्हणत होते. आता नातवंडांसमोरसुद्धा 'अरविंद' म्हणते, म्हणून इथंही नावानंच लिहिते.

लग्नानंतरची आमची ती पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावई म्हणून अरविंद मेढ्याला आला होता. आमचं गॅरेज ष्टँडाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि घर त्याला पाठ लावूनच. आमच्या भागात माणसं कोंबून गावोगाव फिरणाऱ्या जीपना वडाप म्हणतात. केळघरच्या घाटात चढउतार करणारी सगळी वडापं अण्णांच्या हाताखालून जायची. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना सगळा तालुका 'अण्णा मिस्त्री' म्हणूनच ओळखायचा. खरं नाव काय, ते पोस्टमनला तेवढं ठाऊक असेल.

आणि अरविंद पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात, ट्रकला पाटे बसवतात त्या लाइनीवर. हवेवर चालणारा पान्हा हातात, घोडा दाबला की घर्रर्र, झालं काम. नवा ट्रक, नवा पाटा, नवा बोल्ट. माणसानं आयुष्यात इतके बोल्ट आवळले होते, की आपल्याला बोल्टातलं सगळं कळतं असं त्याला मनापासून वाटत होतं. गंजलेला, चिखल खाऊन बसलेला एकही त्यानं कधी सोडवला नव्हता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

आल्यापासून त्याचं सुरूच होतं. "मामा, हे असं हातानं किती दिवस रेटणार?" "मामा, ही छिन्नी कुठल्या काळातली?" आदल्या रात्री जेवताना तर म्हणाला, "खरं सांगू का, हे म्हणजे भंगारातलं काम झालं." अण्णा हसले आणि त्याला तूप वाढ म्हणाले. मी त्याच्याकडे न बघता तूप वाढलं. लग्न झाल्यापासून मी त्याच्यासमोर अण्णांचे गोडवे गायले होते. त्या दिवाळीकडून मला साडी नको होती की दागिना नको होता. या माणसानं आपल्या तोंडानं एकदा म्हणावं, की माला, तुझा बाप मोठा मिस्त्री आहे, एवढंच मला हवं होतं.

आणि पाडव्याच्या सकाळीच निवृत्तीभाऊ जीप घेऊन दारात. सणाच्या दिवशी गॅरेज बंद असतं, पण हे घरचं गिऱ्हाईक. मी परकरात होते तेव्हापासून त्यांची जीप अण्णांकडेच यायची.

"मिस्त्री, नड हाय म्हनून आलो," ते म्हणाले होते. "डावीकडचा पाटा खळाखळा वाजतोय. उद्या भाऊबीज. आज बहिणीला तापोळ्याकडनं आणायचीय, आन् ह्यो असला पाटा घिऊन घाट कसा उतरू?"

पाट्याचं टोक जिथं गाडीच्या सांगाड्याला लोंबतं, तिथला बोल्ट झिजला होता. तो काढून नवा घालायचा. नवा अण्णांकडे तयार होता, पण जुना बसला होता मूळ धरल्यासारखा. अण्णांनी तो तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केला, रॉकेल सोडलं, हातोडीनं चार हलके टोले दिले आणि बिडी पेटवून बसले. त्यांची तीच पद्धत. रॉकेलला आत शिरायला वेळ द्यायचा. घाई केली की बोल्ट रुसतो, असं म्हणायचे. निवृत्तीभाऊ तोवर ष्टँडावर चहा प्यायला गेले.

नेमका तेवढ्यात आमचा पाहुणा तिथं पोचला.

"मामा, बसलात काय? ताकद लावावी लागते याला!"

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं, कापडं खराब व्हतील."

"तुम्ही बघा फक्त."

"आवो, ऱ्हाऊ द्या खरंच."

दिवाळसणाला आलेल्या जावयाला तिसऱ्यांदा 'नको' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी चहा घेऊन दारात पोचले तेव्हा पान्ह्यावर पाइप चढला होता. अण्णांची नजर पाइप कुठल्या अंगाला दाबला जातोय, तिकडं होती. माझीही. मी तोंड उघडणार, तोच अण्णा बोलले, आणि तोवर उशीर झाला होता.

हे सगळं घडून गेल्यावर निवृत्तीभाऊ तंबाखू मळत आत आले. त्यांनी आमच्या तिघांची तोंडं बघितली.

"काय झालं?"

"बोल्ट मोडला," अण्णा म्हणाले.

"कुनी मोडला?"

मी अरविंदकडे बघितलं. अरविंद मनगटावरच्या घड्याळाची काच पुसत होता. मनात म्हटलं, आता बोलेल. आता म्हणेल, 'चुकलं बरं का भाऊ.' त्याचं काय जात होतं? पाहुणा माणूस, सगळे हसून सोडून देतील. पण तो काच पुसतच राहिला.

"मी," अण्णा म्हणाले. "माझ्या हातनं मोडला."

निवृत्तीभाऊंनी वाकून माझ्या पायाशी पडलेलं ते डोकं उचललं. बोटांनी फिरवून बघितलं. त्यावर मुगाच्या दाण्याएवढा एक उंचवटा असतो, तो त्यांनी अंगठ्यानं चाचपला.

"मिस्त्री, ह्यो तर खुणंचा बोल्ट. उलट्या आट्याचा."

"व्हय."

"आन् तुमी सुलटा फिरीवला?"

"इसरलो."

"इसारला?"

"इसरलो, निवृत्ती. वय झालं."

निवृत्तीभाऊंनी ते डोकं हलकेच खाली ठेवलं. नुसते अण्णांकडे बघत राहिले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आम्हाला तिघांनाही पोटात घ्यावं.

हे उलट्या आट्यांचं काय प्रकरण आहे ते सांगते. साधा बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो. पण पाटा दिवसभर खालीवर हलत असतो, आणि त्या हलण्यानं काही बोल्ट आपोआप सैल पडतात. म्हणून जुन्या जीपच्या एका अंगाला मुद्दाम उलटे आटे पाडलेले असत. तो बोल्ट डावीकडे फिरवला की सुटत नाही, आणखी आवळतो. पाइप घालून आवळला, तर मोडतो. ओळखू यावा म्हणून डोक्यावर तो मुगाएवढा उंचवटा. अण्णांकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी पहिला धडा हाच मिळायचा. चुकला की सगळं ष्टँड त्याची हजामत करायचं. मिस्त्रीनं उलटे आटे विसरणं म्हणजे सुगरणीनं पुरणात गुळाऐवजी मीठ घालणं. आणि तसं अण्णा स्वतःच्या तोंडानं कबूल करत होते, तेही निवृत्तीभाऊंसमोर. अण्णा एकदा गाडीखालून सरकले की मग ब्रेक तपासायचीही गरज नाही, असं सांगत फिरणारा हा माणूस.

"माले, पाव्हण्यास्नी घरला ने," अण्णा म्हणाले. "अंघुळीचं पाणी तापलं आसंल. आन् त्या सफारीला रॉकेल लाव लगीच, डाग बसंल."

आम्ही निघालो तेव्हा अण्णा जुनं पोतं अंथरून गाडीखाली सरकत होते. मोडेल त्यानंच काढायचा आणि काढल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांच्या गॅरेजचा नियम होता.

घरी आईनं दारातच विचारलं, "आगं बया! येवडा डाग कशानं?"

"मामांना जरा मदत करत होतो," अरविंद म्हणाला. "त्यांच्या हातून बोल्ट मोडला, मी पडलो."

इतकं सरळ म्हणाला, की मीच क्षणभर थक्क झाले. मघाशी तो गप्प बसला होता. ते मी मनातल्या मनात माफ करायच्या बेतात होते. नवखा आहे, बावरला असेल. पण आता तो खोटं बोलला होता, तेही माझ्या आईशी.

"डोळं कमी झाल्यात त्यांचं," आई हळहळली. "मी कवाधरनं म्हंतीया."

परसात बंबाजवळ मी त्याला गाठलं. हातात उटण्याची वाटी होती. लग्न झाल्यापासून मी त्याला एक शब्द उलट बोलले नव्हते.

"बोल्ट कुणी मोडला?"

"हळू बोल."

"कुणी मोडला?"

"अगं, ते स्वतःच म्हणाले ना, मी मोडला म्हणून? मी सांगितलं होतं का त्यांना?"

"तुम्हाला उलटे आटे म्हणजे काय, ते माहितीये?"

त्याला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या लाइनीवर डाव्या अंगाचे बोल्ट वेगळ्या रंगाच्या पेटीतून यायचे आणि त्यांचा पान्हाही वेगळा असायचा. कशाचे आटे कुठल्या बाजूला, हे बघायची पाळीच त्याच्यावर आली नव्हती. मी आईच्या तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवून त्याला समजावून सांगितलं. पाचवीतल्या पोराला सांगावं तसं. मिस्त्रीची पोर असल्याचं मी सासरी कधी दाखवत नसे. त्या दिवशी दाखवलं. अण्णांनी काय कबूल केलं आणि त्याचा अर्थ आमच्या गावात काय होतो, तेही सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"मग त्यांनी आधीच का नाही सांगितलं, उलटे आटे आहेत म्हणून?"

"दोनदा राहू द्या म्हणाले."

"आटे उलटे आहेत, असं म्हणायचं!"

"म्हणाले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

त्यानं तेलाची बाटली उचलली आणि झाकण उलटसुलट फिरवून बघितलं.

"जा आणि निवृत्तीभाऊंना सांगा," मी म्हटलं.

"आत्ता? म्हणजे मामांना खोटं पाडू?"

हुशार माणूस. पळवाट बरोबर शोधली. मी उटण्याची वाटी तिथंच पाटावर आपटली आणि आत निघून आले. तो अंघोळ करून, अण्णांचा धुतलेला लेंगा नि सदरा घालून फराळाला बसला. आई एकामागून एक वाढत होती. त्यानं चकली मोडली, तो आवाजही मला सहन होईना.

दुपार झाली तरी अण्णा आले नाहीत. मी डबा घेऊन गेले.

वेल्डिंगवाला सणाला गावी गेलेला. तो असता तर मोडक्या बोल्टावर नट जोडून काम चटकन झालं असतं. मोडका बोल्ट काढायचं एक हत्यार मिळतं. बोल्टात भोक पाडायचं, ते आत ठोकायचं आणि फिरवायचं. पण ते डावीकडे फिरवलं तरच पकड घेतं. हा बोल्ट डावीकडे फिरवला की आणखी आवळणार. म्हणजे तेही कामाचं नाही. राहिली ती छिन्नी. अण्णा पाठीवर पडून, मान वाकडी करून, मोडक्या तोंडाच्या कडेला छिन्नी टेकवत होते आणि उजवीकडे, केसभर, पुन्हा केसभर, असे टोले देत होते. गंजाचा चुरा त्यांच्या डोळ्यांत पडत होता. रॉकेलनं बोटं पांढरी पडली होती.

निवृत्तीभाऊ टायरवर बसून होते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते समजुतीनं बोलत होते, ते फार वाईट होतं.

"मिस्त्री, दमानं. दिसतंय न्हवं तुमास्नी?"

"दिसतंय की."

"बत्ती धरू का?"

"नगं."

ते पिंक टाकायला बाहेर गेले, तशी मी गाडीखाली वाकले.

"अण्णा, का घेतलंत अंगावर?"

"डबा तितं ठेव. अजून निगाला न्हाई."

"मी सांगणार आहे त्यांना. आत्ता सांगते."

छिन्नी थांबली. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते.

"काय सांगशील? जावयानं मोडला? मग आज हसतील ष्टँडावर. फुडल्या दिवाळीला त्यो आला की पुन्यांदा हसतील. ही मानसं काय सोडत्यात व्हय? त्यो मानी हाय, माले. दोन खेपा हसलं की यायचा बंद हुईल. आन् त्यो यायचा बंद झाला म्हंजी तूबी बंद."

"आणि तुमचं नाव?"

"माझ्या नावाला काय हुतंय? चार दिस हसत्याल आन् इसरत्याल." त्यांनी छिन्नी पुन्हा टेकवली. "आता कुनापाशी बोलू नगंस. माझी आन हाय तुला."

मी उठले. बाहेर आले तर शेडच्या पत्र्याला टेकून अरविंद उभा. लेंगा त्याला आखूड होत होता. तो कधी आला होता आणि त्यानं किती ऐकलं होतं, मी विचारलं नाही. त्याच्या तोंडावरून कळत होतं.

दिवस कलला तेव्हा बोल्ट हलला. आधी गव्हाएवढा, मग बोटभर, मग अण्णांनी तो हातानं फिरवत फिरवत बाहेर काढला. आतले आटे एकही दुखावलेले नव्हते. नवा बोल्ट बसला, चाक चढलं, जीप जॅकवरून खाली आली. दुसरा कुणी असता तर गॅसनं सगळं जाळून ठेवलं असतं. एवढं सुंदर काम मी अण्णांच्या हातचंसुद्धा कमी बघितलंय. पण ते बघायला कुणाचं ध्यान होतं?

निवृत्तीभाऊ स्टिअरिंगवर चढले आणि पुन्हा उतरले.

"मिस्त्री, राग मानू नका."

"बोल की."

"फुडचं काम मी साताऱ्याला करीन म्हंतो. घाटातली गाडी हाय. मागं पोराबाळांची मानसं असत्यात." त्यांनाच बोलवेना. "तुमी लई केलं माझ्यासाठनं. पर आज उलटं आटं इसारला, उद्या…"

"बराबर हाय तुजं," अण्णा म्हणाले. "गाडीवाल्यानं असाच इचार करावा."

जीप गेली. अण्णा लाकडाच्या भुशानं हात चोळत बसले. अरविंद पुढं झाला.

"मामा…"

"जेवलासा का, पाव्हणं?"

अरविंद तसाच वळून ष्टँडाच्या दिशेनं गेला. आखूड लेंग्यात, अनवाणी.

परतला तेव्हा आई उंबऱ्यावर पणत्या लावत होती. अण्णा नुकते जेवून पडवीत बसले होते. तो त्यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसला.

"मी सांगून आलो," तो म्हणाला.

"काय?"

"बोल्ट मी मोडला म्हणून. तुम्ही माझ्यावर पांघरूण घातलंत म्हणून. सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं."

मला इतका आनंद झाला, की हातातलं तबक हिंदकळलं. अण्णा मात्र त्याच्याकडे बघत होते.

"मग?"

"कुणी मानलं नाही, मामा."

"आँ?"

"त्यांच्यातला एक म्हातारा उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, जावईबापू, आईबापानं वळण चांगलं लावलंय तुमाला. सासऱ्याची चूक अंगावर घ्यायला आलासा." त्याचा आवाज फुटला. "मी म्हटलं, अहो, खरंच मी मोडला. शप्पथ घेतली. जितकी शप्पथ घ्यावी तितके ते हळवे होत गेले. एकानं तर डोळे पुसले. म्हणाले, तुमी एवढ्या मोठ्या कारखान्यात पाटेच बसवता, तुमी असल्या बोल्टाला चुकाल व्हय? मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, निवृत्तीभाऊ सांगूनच गेलेत की. मला चहा पाजला, मामा. पैसे घेतले नाहीत."

मी तबक उंबऱ्यावर ठेवलं. आईला तर यातलं निम्मंच कळलं होतं. ती तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"उद्या पुन्हा जातो," अरविंद म्हणाला. "निवृत्तीभाऊ आले की त्यांना…"

"नगा," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थकलेला वाटला. "तुमी जेवढं सांगशीला तेवढं त्ये माझ्यावरच चढवत्याल. म्हंत्याल, मिस्त्रीचं पार गेलं, जावयाला एवढं झाकाया लागतंय. आता गप ऱ्हावा."

"मग मी काय करू?"

"काय करतासा? जेवा."

अरविंदनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते. मला त्याचा राग येत होता, कीवही येत होती, आणि माझी स्वतःचीही लाज वाटत होती. कारण सकाळी पाइप चुकीच्या अंगाला दाबला जात असताना माझ्याकडेही 'थांबा' हा एक शब्द होता. तो वेळेवर निघाला नव्हता.

त्यानंतर अण्णा बरीच वर्षं जगले. वडापं कमी होत गेली. निवृत्तीभाऊंनी साताऱ्याला जायला सुरुवात केली, तशी आणखी दोघाचौघांनी केली. अण्णा स्कूटरी आणि ट्रॅक्टर करत राहिले, कधी कुरकुरले नाहीत. अरविंद एकही दिवाळी चुकला नाही. आल्या दिवशी जुनी पॅन्ट चढवून गॅरेजात शिरायचा आणि अण्णा सांगतील तेवढंच करायचा. अण्णांकडून तो खरं काम शिकला. पण ष्टँडावरून जाताना मान वर करून कधी चालला नाही, आणि लोकांना तो त्याचा नम्रपणा वाटायचा. "मिस्त्रीचा जावई बघा, एवढा शिकला-सवरलेला, पन गर्व न्हाई," असं म्हणायचे. अण्णा गेले तेव्हा तेराव्यालाही कुणीतरी ते म्हणालंच.

पण मला सांगायचं आहे ते त्या भाऊबिजेच्या सकाळचं.

आम्ही चहा घेत होतो, तर अंगणात चपलांचा आवाज. बघते तर निवृत्तीभाऊ, त्यांच्या मागं त्यांची तापोळ्याकडची बहीण, आणि तिच्यामागं ष्टँडावरचे पाचसहा ड्रायव्हर, सगळे धुतल्या कपड्यांत. बहिणीच्या हातातल्या ताटात नारळ, पानसुपारी आणि टॉवेल-टोपी होती.

"मिस्त्री, काल रातच्याला कळलं मला," निवृत्तीभाऊ म्हणाले. "ह्या पोरांनी सांगितलं. मी म्हटलं, असला मानूस आपल्या गावचा जावई हाय आन् आपुन तसाच लावून द्यायचा? न्हाई जमनार."

"भाऊ, ऐका माझं," अरविंद घाईघाईनं उठला. "अहो, मी खरंच…"

"बास, बास! आमास्नी आनखी लाजवू नगा."

"अहो, पण मामांनी…"

"आमाला म्हाईत हाय अण्णांनी काय केलं. त्येंचंबी वय झालंय, आमी काय त्यांच्यावर रागावलोय व्हय?" निवृत्तीभाऊ अण्णांकडे बघून प्रेमानं हसले. "मानूस हाय, चुकतोय. पर बापाची चूक पोरगासुदीक असा अंगावर घेत न्हाई आजकाल."

अरविंदनं माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पडवीच्या कडेला उकिडवे बसले होते. रात्रभर चोळूनही त्यांच्या नखांतला काळेपणा गेला नव्हता, आणि एक डोळा गंजाच्या चुऱ्यानं सुजून मिटला होता. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं अरविंदला खूण केली, वाका म्हणून.

अरविंद वाकला. निवृत्तीभाऊंच्या बहिणीनं त्याला कुंकू लावलं. निवृत्तीभाऊंनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. वाकलेली मान त्याला पुन्हा वर करवेना. नारळ छातीशी धरून तो तसाच उभा राहिला. ड्रायव्हर एकमेकांकडे बघायला लागले. आता पुढं काय करायचं, कुणालाच सुचेना.

पहिली टाळी अण्णांनी वाजवली.